दोघांचाच ट्रेक: हरिश्चंद्रगड, रतनगड आणि एक दुखरा गुडघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ४९ वर्षांच्या, यजमान ५३ चे, राहायला पुण्यात. मुलगी यंदा शिकायला बाहेरगावी गेली. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी पाच दिवस भंडारदऱ्याच्या परिसरात दोघांनीच जायचं ठरवलंय, कुठल्याही ग्रुपबरोबर नाही. यादीत कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि हरिश्चंद्रगड. तुम्ही रोज टेकडी चढता आणि चालण्यात त्यांच्या पुढे असता. त्यांचा उजवा गुडघा गेल्या वर्षी राजगड उतरताना दुखायला लागला आणि आठवडाभराने थांबला. तुम्ही विचारलंय की कुठला गड आधी करू, तंबूत राहू की गावात, आणि वाटा मळलेल्या असताना वाटाड्या लागेल का.

चारपैकी दोन करा, गावात राहा, आणि वाटाड्या घ्याच. गेली तीसेक वर्षं मी या भागात माणसं घेऊन जातोय, बायकोबरोबर दोघंच असेही पुष्कळदा गेलोय. त्यावरून जे कळलंय ते सविस्तर लिहितो.

सुरुवात वाटाड्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच हात आखडता घेतात. डोंगरात दोघांचा गट हा सगळ्यात नाजूक गट. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात: जखमी माणसाला एकटं सोडून मदत आणायला जायचं, नाहीतर त्याच्याजवळ बसून कुणी येण्याची वाट पाहायची. शनिवार-रविवारी कुणीतरी येईल. तुम्ही जाताय आडवारी, त्या दिवसांत तासन् तास वाटेवर माणूस दिसत नाही. तिसरा माणूस बरोबर असला की हा पेचच राहत नाही. एक जण जवळ बसतो, एक गावात जातो. मोबाईलवर विसंबू नका. माथ्यावर कधी रेंज मिळते, पण जिथे माणसं पडतात त्या जंगलातल्या आणि कड्याखालच्या वाटेवर बहुधा नसते. १०८ ची रुग्णवाहिकाही गाडीरस्त्यापर्यंतच येणार, तिथवर माणसाला आणावं लागतं ते खांद्यावरून, आणि ते खांदे गावातलेच असतात.

वाटाड्या गावातलाच घ्या. ज्या घरी उतराल त्या घरमालकालाच सांगा, त्याचा भाऊ किंवा पुतण्या येईल. पैसे आदल्या रात्री ठरवा आणि घासाघीस करू नका. पाचनई, रतनवाडी या महादेव कोळी समाजाच्या वाड्या-वस्त्या. भात निघाला की हाताला काम कमी होतं, मग जोडीला हाच आधार. त्याच्या डब्याची आणि पाण्याची चौकशी निघतानाच करा. आणि त्याला स्पष्ट सांगा, "दादा, आम्हाला घाई नाही. यांचा गुडघा दुखतो, तुम्ही यांच्या चालीने चला." हे सांगितलं नाही तर तो त्याच्या चालीने निघतो आणि प्रत्येक वळणावर तुमची वाट बघत उभा राहतो. त्याचा दोष नाही, त्याच वाटेने तो डोक्यावर सरपण घेऊन उतरत असतो.

आता यादी. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, तेव्हा ते यादीत पहिलं असणार हे उघड आहे. बारी गावातून चढ आठशे मीटरांहून जास्त, आणि तो जवळपास सलग. मध्ये लोखंडी शिड्या, कोरलेल्या आणि बांधलेल्या पायऱ्या, अवघड जागी रेलिंग. चढायला ही वाट कठीण नाही, गावातल्या म्हाताऱ्या बायका नवरात्रात अनवाणी चढतात. पण दुखऱ्या गुडघ्याला या चौघांत सगळ्यात वाईट उतार हाच. पायऱ्यांची उंची आपल्या पावलाच्या हिशोबाने नसते, त्यामुळे प्रत्येक पायरीला पाय ठरलेल्या उंचीवरून आपटतो. मातीच्या वाटेवर आपण पाऊल लहान करू शकतो, पायरीवर ती सोय नाही.

उताराचं गणित समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो, तेव्हा दम लागतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. हे काम त्याला जास्त जड जातं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या चढाने नव्हे, उतारानेच. मांडी थकली की ब्रेक सैल होतो आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर आणि सांध्यावर येतो. राजगड उतरताना दुखणं सुरू झालं ते बहुधा शेवटच्या टप्प्यात, हो ना? म्हणजे इलाज मांडीच्या ताकदीत आहे. पट्टा बांधून ती ताकद येत नाही.

एक मात्र आधी करा. गुडघा कधी अडकतो का, उभ्या उभ्या दगा देतो का, सुजतो का? यातलं एक जरी असेल तर ट्रेकचा विचार बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर सहा आठवडे पुरेत. घरातल्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय हळूहळू, मनात चार मोजत, जमिनीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी दोन पाळ्या, मग तीन. दुखलं तर थांबायचं. लिफ्टने वर आणि जिन्याने खाली, हा नेम यजमानांना लावा. सगळे उलटं सांगतात, पण आपल्याला तयारी उतरायची करायची आहे.

मग परीक्षा. निघायच्या पंधरा दिवस आधी शनिवारी सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढा आणि पायीच उतरा. वरून जीपने खाली यायचं नाही. रविवारी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी गुडघा काही बोलत नाही. जे काही सांगायचं ते तो दुसऱ्या दिवशीच्या उतारावर सांगतो. ट्रेक पाच दिवसांचा असताना एका दिवसाची परीक्षा घेऊन काय कळणार?

आता वाट आणि दिवस यांची सांगड घालतो. सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस धरा. शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते आणि कोकणकड्यावर जत्रा असते. पंचवीस वर्षांच्या निमित्ताने दोघांना जी शांतता हवी आहे ती तिथे तेव्हा मिळणार नाही.

सोमवारी पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं थेट पाचनई गाठा. भंडारदऱ्याला आधी जायचा मोह होईल, तो टाळा. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट या सगळ्यात सौम्य आहे आणि पाय ताजे असताना गुडघ्याची चाचणी सौम्य वाटेवर झालेली बरी. दुपारी पोहोचलात की जेवण, थोडी झोप, संध्याकाळी गावातून पायथ्यापर्यंत फेरी. बस.

मंगळवारी साडेसहाला निघा. त्या दिवसांत साधारण पावणेसातला उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य बुडतो, तेव्हा हातात अकरा तासच असतात. पाचनईची वाट थोड्याच वेळात एका प्रचंड कातळाच्या पोटाखाली जाते. वर कडा छपरासारखा पुढे आलेला, एका बाजूला ओढ्याची घळ, आणि कातळाच्या कडेकडेने आडवी वाट. नोव्हेंबरात ओढा बारीक होतो, कुंडांत पाणी असतं. तिथून पुढे चढ मोडतो आणि झाडीतून वाट पठारावर येते. तुमच्या चालीने मंदिरापर्यंत अडीच ते तीन तास धरा.

मंदिराच्या आवारात घाई करू नका. माझ्या मते तिथे निदान दीड तास हवा. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर दगडात कोरून काढल्यासारखं उभं आहे. चांगदेवांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे, आणि मंदिराच्या दगडांवरचे लेख बघायचे तर सकाळचं तिरकं ऊन चांगलं, अक्षरं उठून दिसतात. बाजूला पुष्करणी आणि तिच्या भिंतीतले कोनाडे. थोडं खाली केदारेश्वराची गुहा: मधोमध पुरुषभर उंचीचं शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. पाणी भर उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पोटऱ्या बधिर होतात. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालायचा विचार असेल तर यजमानांनी काठावर थांबावं, कारण तळ दगडगोट्यांचा आणि निसरडा आहे. तुम्ही खुशाल जा.

तिथून कोकणकडा पाऊण तासावर, कारवीच्या रानातून. कड्याबद्दल दोन गोष्टी. सगळे सूर्यास्ताला जातात. सूर्यास्त बघितला की काळोखात उतरावं लागतं, नाहीतर गडावर मुक्काम करावा लागतो. गडावरच्या मुक्कामावर वनखात्याचे निर्बंध येत-जात असतात, हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, आणि तुमच्या गुडघ्याला काळोखातला उतार नकोच. म्हणून तुम्ही सकाळी अकराच्या सुमारास जा. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि खाली कोकणात धुकं भरलेलं असेल तर आपलीच सावली धुक्यावर पडून तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसतं, ज्याला इंद्रवज्र म्हणतात. त्यासाठी ऊन आणखी कोवळं हवं आणि धुक्याचा योग पावसाळ्याच्या अखेरीस जास्त, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी त्याची आशा धरू नका. पण अकराच्या उन्हात त्या अर्धगोल कड्याचे थर एकेक करून मोजता येतात, जे संध्याकाळी समोरून ऊन आलं की दिसत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे काठ. कडा पोटात वळलेला आहे, म्हणजे आपण ज्यावर उभे असतो त्याच्या खाली पोकळी आहे. वाळलेलं गवत आणि मुरूम यांच्यावर बूट कसा सरकतो ते कळायच्या आत सरकलेला असतो. कठड्यापाशी किंवा काठापासून चार-पाच पावलं मागे बसा. डोकावायचंच असेल तर पोटावर झोपून, एकाने दुसऱ्याचे घोटे धरून. फोटोसाठी मागे मागे सरकणं अजिबात नको.

साडेबाराला परत मंदिराजवळ या. झोपडीत पिठलं-भाकरी, ठेचा, ताक मिळतं. सकाळी जाताना सांगून ठेवलंत तर गरम मिळेल. आणि दोन वाजता उतरायला लागायचं. तारामतीचं शिखर बघायचं राहिलं असेल, कोणी फार सुंदर गुहा सांगितली असेल, तरी दोन म्हणजे दोन. ही वेळ घरी, जेवणाच्या टेबलावर ठरवा. डोंगरात ठरवायला गेलात तर एक जण "अजून अर्धा तास" म्हणतो आणि दुसरा त्याचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसतो. नवरा-बायकोत हे फार होतं. अनोळखी ग्रुपमध्ये माणूस सरळ सांगतो की मी दमलोय, जोडीदाराला सांगत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. तुम्ही दोघांत जलद आहात, तेव्हा पुढे तुम्ही असणार. पुढचा माणूस चढावर वीस पावलं पुढे जातो, थांबतो, पाणी पितो, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि पुढचा म्हणतो "चला". पुढच्याची पाच मिनिटं विश्रांती झाली, मागच्याची शून्य. असं दहा वेळा झालं की ज्याला विश्रांतीची जास्त गरज त्यालाच ती मिळालेली नसते, आणि वर त्याला वाटत राहतं की आपल्यामुळे उशीर होतोय. मग तो न थांबता ओढत चालतो आणि उतारावर त्याचा पाय चुकतो. म्हणून चालण्याचा क्रम असा: वाटाड्या, मग यजमान, शेवटी तुम्ही. मागून चालताना तुम्हाला सुरुवातीला पाय बांधल्यासारखे वाटतील. त्यावर उपाय म्हणजे ओझं. दोघांचं पाणी, डबे, औषधं, जर्किनं तुमच्या पाठीवर, त्यांच्याकडे फक्त एक बाटली आणि सुका खाऊ. सात-आठ किलो पाठीवर आले की तुमची चाल आपोआप त्यांच्या चालीला जुळेल. गावातली माणसं बघतील, एखादी आजी विचारेलही की "बाईच्या पाठीवर ओझं आणि बाबा मोकळा?" यजमानांनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यांना मी एवढंच सांगेन की ट्रेकमध्ये ओझं ताकदीप्रमाणे वाटतात.

आमच्या बाबतीत हे उशिरा कळलं. १९९८ सालच्या डिसेंबरात मी आणि बायको रतनवाडीहून रतनगडाला निघालो होतो, दोघंच. सवयीने मी पुढे. प्रवरेच्या ओढ्याकाठची झाडी संपताना एक फाटा लागतो, एक वाट शिड्यांकडे गडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे, पुढे हरिश्चंद्रगडाला. मला वाट पाठ, मी न थांबता वळलो. ती दहा मिनिटं मागे होती, तिला दुसरी वाट जास्त मळलेली दिसली. मी शिडीखाली बसून वाट बघतोय, पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हाका मारल्या तर रान आवाज गिळून टाकतं. मी पळत फाट्यावर आलो. तिथून कुठल्या बाजूला जायचं? ती खाली परतली असेल तर? त्या क्षणी मला पोटात जे वाटलं ते आजही आठवलं की हात थंड पडतात. सुमारे तासाभराने एक गुराखी पोरगा तिला घेऊन आला. पुढे वाटेवर नुसता पालापाचोळा, माणसाच्या पावलाची खूण नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ती जिथल्या तिथे बसून राहिली होती. तिने बरोबर केलं होतं, चूक माझी होती. खाली येईपर्यंत ती काही बोलली नाही. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसल्यावर म्हणाली, "मला रानाची भीती नाही वाटली. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं."

तेव्हापासून आमच्यात एक नेम आहे. फाटा आला की थांबायचं, आणि दोघांची नजरानजर झाल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. वाट कितीही पाठ असली तरी. तुम्हीही हा नेम करा. दोघांच्याही खिशात शिट्टी ठेवा, आवाजापेक्षा ती लांब जाते आणि घसा कोरडा पडला तरी वाजते. चुकलो असं वाटलं तर जागेवर बसायचं, शोधायला निघायचं नाही.

बुधवार मोकळा ठेवा. हा दिवस लोक वाया गेला समजतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. सकाळी सावकाश राजूरमार्गे भंडारदऱ्याला या आणि जलाशयाच्या कडेच्या रस्त्याने रतनवाडी गाठा. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण प्रवरेवर आहे आणि प्रवरा रतनगडाच्याच अंगावरून उतरते, म्हणजे तुम्ही पाण्याच्या उलट्या दिशेने तिच्या उगमाकडे चाललेले असता. दुपारी अमृतेश्वराच्या मंदिरात बसा. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बोटाच्या अंतरावरून बघा, छताकडे मान वर करून बघा, गावातली पुष्करणी चुकवू नका. उत्साह असेल तर गाडीने साम्रदला जाऊन सांदण दरीच्या तोंडाशी उभे राहा. आत शिरायचं ते पहिल्या पाण्यापर्यंत, पुढे नाही. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली भेग, दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती आणि तळाला घरभर आकाराचे दगड. पूर्ण उतरायचं तर दोर लागतात, आणि दगडावरून दगडावर उड्या मारत जाणं हा दुखऱ्या गुडघ्याचा छळ आहे. दगडांच्या खाली पाय अडकून मुरगळलेली माणसं मी तिथून बाहेर काढली आहेत, एकेकाला काढायला अर्धा दिवस लागतो.

बुधवारी रात्री गुडघ्याला विचारून गुरुवार ठरवा. मांडीत दुखत असेल तर काही हरकत नाही, तो स्नायू आहे. सांध्याच्या आत, वाटीखाली टोचत असेल किंवा सूज असेल तर गुरुवारचा गड रद्द. दुखणं दाबायची गोळी घेऊन उतारावर जाऊ नका. दुखणं ही एकच घंटा आपल्याकडे असते, ती बंद करून उतरलं की इजा केव्हा झाली ते दुसऱ्या दिवशी कळतं.

सगळं ठीक असेल तर गुरुवारी रतनगड. अर्धी वाट सावलीची, नंतर शिड्या, मग गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा. शिडी उतरताना तोंड शिडीकडे, एका वेळी एकच माणूस, आणि काठ्या पिशवीला बांधलेल्या. वर नेढं आहे, कातळाला वाऱ्याने पाडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की दोन्ही बाजूंचा मुलूख दिसतो आणि वारा इतका असतो की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. टोपी काढून पिशवीत टाका. परत येताना आल्या वाटेनेच या. त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरणारी वाट देखणी आहे, पण पायऱ्या तुटलेल्या आणि उतार खडा. दोन निरोगी गुडघ्यांना ठीक.

आणि कळसूबाई? तुमच्या प्रश्नात ते नाव तीनदा आलंय, म्हणजे तुम्हाला ते मनापासून हवंय. मग गुरुवारी रतनगड सोडा आणि पहाटे बारीला जा. तुम्ही वाटाड्याबरोबर वर जा, यजमान पायथ्याजवळच्या देवळापर्यंत येऊन तिथे थांबतील, पुस्तक वाचतील, गावात चहा पितील. बरोबर सुट्टीला गेलेल्या दोघांनी एक दिवस आपापल्या चालीने घालवला तर काही बिघडत नाही. त्यांना ओढत वर नेणं किंवा तुम्ही मन मारून खाली बसणं, या दोन्हींचा सल नंतर वर्षानुवर्षं राहतो. वरून अलंग, मदन, कुलंग हे गड अगदी शेजारी दिसतात आणि दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे मंगळवारी केलेला हरिश्चंद्रगड.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा तेही सांगतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपं गणित दिलं: पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईचं अंतर एका बाजूने साडेतीन किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे या हिशोबाने दोन तासांच्या थोडं वर. आपल्या ऊनवाऱ्यात आणि आपल्या वयात मी त्याला पावणेदोनाने गुणतो, म्हणजे पावणेचार तास. आणि उतरायला चढण्याएवढाच वेळ धरतो. बहुतेक लोक उताराला निम्मा वेळ धरतात आणि मग सहा वाजता जंगलात असतात.

नोव्हेंबरचा घसारा हा वेगळा विषय. पावसात घट्ट असलेली माती सुकते, वर बारीक मुरूम सुटतो आणि कातळावर ज्वारीचे दाणे पसरावेत तसा तो पसरतो. तिथे घाबरून माणूस मागे रेलतो, टाचेवर वजन जातं आणि पाय पुढे निघतो. उलट करायचं. गुडघे किंचित वाकलेले, कंबर पावलांच्या वर, पाऊल वीतभर, आणि तळवा पूर्ण टेकवायचा. टाच आपटायची नाही. नजर पुढच्या तीन पावलांवर. काठ्या दोन हव्यात, एक नको. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची ठेवा, उताराला ती पाच-सात सेंटिमीटर वाढवा. काठी आधी, मग पाऊल. सिंहगडावर याचा सराव करा म्हणजे हाताला वळण पडेल.

बूट नवे घालून निघू नका, महिनाभर वापरलेले असू द्या, खाली खोल खाचा हव्यात. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला हजार वेळा लागतो आणि वाढलेलं नख काळं पडतं. माणशी तीन लिटर पाणी, त्यात एका लिटरात ओआरएसचं पाकीट. दर पाऊण तासाने काहीतरी खा: खजूर, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची वडी. दोघांत चिडचिड सुरू झाली की वाद घालण्याआधी खाऊन घ्या, दहापैकी आठ वेळा पोट रिकामं असतं.

अत्तर, डिओ लावून जाऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका. या कातळांना आग्यामोहळं असतात, ती उठली की पळायलाही जागा नसते. उन्हाला तापलेल्या दगडांत हात घालण्याआधी बघा, फुरसं दगडाच्याच रंगाचं असतं. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी नाही, पाय न हलवता उचलून खाली आणा आणि दवाखाना गाठा. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर चालणारी लस एकच असते, साप पकडून नेण्याची गरज नाही.

तुम्ही बायकांच्या सोयीचं विचारलंय. गावातल्या घरांत संडास आहेत, खोली ठरवताना स्पष्ट विचारा, संकोच नको. गडावर मात्र पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं दूर जा, कागद आणि पॅड बंद पिशवीत घालून खाली आणा. टाक्यांचं पाणी गावातली माणसंही पितात. यजमान पाठ करून वाटेवर उभे राहतील, एवढं काम त्यांना द्या.

शुक्रवारी सकाळी गड नको. ट्रेक करून त्याच दिवशी पाच-सहा तास गाडी चालवायची हे मी कुणालाच करू देत नाही, डोळा लागतो. भाकरी खाऊन, राजूरला पेढे घेऊन, दुपारपर्यंत घरी या. रोज किती वाजेपर्यंत गावात परतणार ते मुलीला आदल्या रात्री कळवत जा, आणि घरमालकाचा नंबर तिच्याकडे देऊन ठेवा.

सिंहगडाचे ते दोन दिवस झाले की रविवारी संध्याकाळी मला लिहा: दुखलं का, नेमकं कुठे, आणि उतरायला चढण्यापेक्षा किती वेळ जास्त लागला. त्यावरून गुरुवारचं बघू.